फ्लॉरेन्स ते कोल्हापूर किती दूर?

माझा पुतण्या नोकरीनिमित्त इटलीत असतो. दोन वर्षांपूर्वी आमचे थोरले बंधू गेले, तेव्हा त्याला रात्रीच फोन केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कोल्हापुरात दारात उभा होता. त्याच्यासाठी आम्ही थांबलो होतो. पंचगंगेच्या घाटावर अग्नी त्यानेच दिला. त्या वेळी मला राहून राहून आठवत होते ते इटलीतच अखेरचा श्वास घेतलेले एक कोल्हापूरकर, छत्रपती राजाराम महाराज.

राजर्षी शाहू गादीवर येण्यापूर्वीचे हे राजाराम. समुद्र ओलांडणे निषिद्ध मानण्याच्या काळात, १८७० साली, वयाच्या अवघ्या २० व्या वर्षी ते विलायतेला गेले. कोल्हापुरात रेल्वे आली ती १८९१ मध्ये. म्हणजे तेव्हा पुण्यापर्यंत रस्त्याने, पुढे मुंबईपर्यंत आगगाडीने आणि मग आगबोटीने जायचे! सुएझचा कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये नुकताच खुला झाला होता. आफ्रिकेला वळसा घालून मुंबई-लंडन हे अंतर २० हजार किलोमीटरच्या घरात जाई; कालव्याने ते साडेअकरा हजारांवर आले. तरीही प्रवास आठवड्यांचाच होता.

महाराजांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, इंग्लंड पाहिले आणि रोज दैनंदिनीही लिहिली. ती १८७२ मध्ये छापली गेली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्स येथे ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी समुद्राखालून टाकलेल्या तारेने मुंबई विलायतेशी जोडली गेली होती. बातमी तासांत जाऊ शके, माणसाला मात्र आठवडे लागत. घरच्यांची वाट पाहणे शक्यच नव्हते. तिथे दहनाची पद्धत नव्हती; खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर रात्री महाराजांना अग्नी देण्यात आला. आपल्याकडच्या प्रयाग चिखलीसारखाच तोही संगम! पुढे १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मॅन्ट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधणारे तेच. जवळच्या पुलालाही आज 'इंडियानो', म्हणजे भारतीयाचे, नाव आहे.

फ्लॉरेन्स आणि कोल्हापूर यांतले सरळ रेषेतले अंतर सुमारे साडेसहा हजार किलोमीटर. ताशी ८५० किलोमीटर वेगाने उडणाऱ्या विमानाला ते आठ तासांचेही नाही. थेट विमान नसल्याने वाटेत बदल करावे लागतात आणि घरापासून घरापर्यंत एक दिवस जातो. पण एका दिवसात मुलगा बापाजवळ पोहोचतो.

नकाशावरचे अंतर १८७० मध्येही एवढेच होते. पण कोल्हापुरातले कोणी त्या संगमावर वेळेत पोहोचू शकले नसते. पुतण्या परत गेल्यावर एका रविवारी त्या छत्रीपाशी जाऊन आला. मी त्याला सांगितले होते, "आपल्या घाटावरचा नमस्कार तिथे पोहोचव."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)