छपरावरून छपराकडे : बर्लिनच्या शेजाऱ्यांचं जाळं

१९८९च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली, तेव्हा पूर्व जर्मनीत घरी टेलिफोन यावा म्हणून दहा-दहा वर्षं वाट पाहणारी कुटुंबं होती. मी टेलिफोन खात्यात केबलच्या कामावर होतो. आपल्याकडची वेटिंग लिस्ट जवळून पाहिलेली, त्यामुळे त्या लोकांची स्थिती मला कुणी समजावून सांगावी लागली नाही. लेक बर्लिनच्या फ्रीडरिक्सहाइन भागात राहायला गेली आणि माझं तिकडे जाणं-येणं सुरू झालं. तिथल्या रहिवाशांनी छपरांवर बांधलेल्या बिनतारी जाळ्याला जर्मनीत ‘फ्रायफुंक’ म्हणतात. त्याचा इतिहास मराठी वाचकांपर्यंत पोचावा असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात केबलपासून करायला हवी. जर्मनी एक झाल्यावर तिथल्या टेलिफोन खात्यानं पूर्वेकडे नवं जाळं टाकायला घेतलं, आणि अनेक भागांत तांब्याऐवजी त्या काळची सर्वांत पुढारलेली वस्तू वापरली : ऑप्टिकल फायबर. ‘ओपल’ हे त्या योजनेचं नाव. एक्स्चेंजपासून रस्त्यावरच्या पेटीपर्यंत किंवा इमारतीच्या तळघरापर्यंत काच, आणि तिथून घरापर्यंत तांब्याची जोडी. फोनसाठी ही रचना उत्तम होती. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी डीएसएल, म्हणजे फोनच्याच तारेवरून मिळणारं वेगवान इंटरनेट, आलं. त्याला तेव्हा एक्स्चेंजपासून ग्राहकापर्यंत तांब्याची सलग जोडी लागायची. मध्ये काच आली की डीएसएल तिथेच थांबायचं, आणि पेटीतली यंत्रं तर फक्त फोन आणि आयएसडीएनसाठी बनवलेली. म्हणून ज्यांच्याकडे जुनं तांबं होतं त्यांना वेगवान इंटरनेट मिळालं, आणि ज्यांच्या दारात नवीकोरी काच आली ते मोडेमवर अडकून राहिले. जोड्या तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला या गोष्टीचं दुःख जरा जास्तच कळतं.

त्याच सुमारास वायफाय स्वस्त होऊ लागलं होतं. अमेरिकेत १९८५ साली काही लहरी विनापरवाना वापरासाठी मोकळ्या झाल्या होत्या. त्यावर उभं राहिलेलं ८०२.११बी हे मानक १९९९मध्ये आलं. लंडनमध्ये ‘कन्झ्युम’ नावाचा गट छपरांवरून एकमेकांना जोडण्याचे प्रयोग करत होता. २००२च्या ऑक्टोबरात लंडन आणि बर्लिनची ही मंडळी बर्लिनला एकत्र बसली, आणि त्यानंतर युर्गन नॉयमान आणि त्यांच्या सोबत्यांनी फ्रायफुंकची चळवळ उभी केली. विचार साधा होता. ज्याच्याकडे लाइन आहे त्यानं ती शेजाऱ्याला द्यावी, शेजाऱ्यानं पुढच्या इमारतीला. प्रत्येक घरचा राउटर स्वतःचं काम करील आणि इतरांचा निरोपही पुढे पोचवील.

या कामाला बर्लिन शहराची ठेवणही अनुकूल. जुन्या बांधकाम नियमांमुळे तिथल्या इमारतींची पागोळी साधारण २२ मीटरवर एका रेषेत येते. वर चढलं की दूरपर्यंत छपरंच छपरं दिसतात, मध्ये उंच अडथळा क्वचित. चिमणी साफ करणाऱ्यांसाठी बसवलेल्या फळ्यांवरून चालत जाता येतं. लहरींना समोरासमोर मोकळी वाट लागते, ती इथे आपोआप मिळते. युरोपात २.४ गिगाहर्ट्झला १०० मिलिवॉटच्या वर जाता येत नाही. पण अँटेना नीट रोखली तर तेवढ्यातही दूरचं छप्पर गाठता येतं. उंच जागा लागली तिथे चर्चनी आपले मनोरे दिले.

लेकीच्या शेजारच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी मला त्यांचा नोड, म्हणजे जाळ्यातलं त्यांचं ठाणं, दाखवायला वर नेलं. चिमणीला पट्ट्यानं आवळलेला नळ, त्यावर करड्या प्लॅस्टिकच्या डबीत राउटर, बाजूला अँटेना. वीज आणि डेटा एकाच नेटवर्क केबलमधून चढवलेले. सगळ्या जोडांवर रबरी टेप ताणून गुंडाळलेला, आणि केबल डबीत शिरण्याआधी तिला खाली एक वळसा दिलेला, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकेल आणि आत जाणार नाही. खांबावरून घरापर्यंतची ड्रॉप वायर टाकताना आम्हीही हाच वळसा द्यायचो. खालच्या रस्त्यावरच्या लिंडन झाडांना पालवी फुटली की एका बाजूची लिंक मंदावते, हिवाळ्यात पुन्हा सुधारते, असं त्यांनी सांगितलं. ओल्या पानांतलं पाणी या लहरी शोषून घेतं.

छपरावरचं काम हौसेनं होतं, पण शेकडो राउटर एकमेकांशी बोलायला लागले की खरी परीक्षा सुरू होते. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा घरगुती राउटर त्या काळी सर्वत्र मिळायचा. त्याच्या आत लिनक्स असल्याचं उघड झालं आणि २००३मध्ये त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला. मग लोकांना तो हवा तसा बदलता आला. स्वेन-ओला ट्युके यांनी फ्रायफुंकचं फर्मवेअर तयार केलं, ते चढवलं की सामान्य माणसाचा राउटर जाळ्यात सामील व्हायचा. निरोपाचा मार्ग ठरवण्यासाठी आधी ओएलएसआर ही पद्धत वापरली. तीत प्रत्येक राउटर साऱ्या जाळ्याचा नकाशा स्वतःच्या डोक्यात ठेवतो आणि सतत नव्यानं मांडतो. जाळं वाढलं तसा त्या एवढ्याशा प्रोसेसरचा दम निघू लागला. मग २००६च्या सुमारास बर्लिनच्या मंडळींनी ‘बॅटमॅन’ नावाची नवी पद्धत रचली. तीत कुणालाच पूर्ण नकाशा ठाऊक नसतो. अमक्याकडे जायचं तर कोणत्या शेजाऱ्याकडे निरोप द्यायचा, एवढंच प्रत्येकाला माहीत असतं. अनोळखी गावात आपण प्रत्येक चौकात पुढची वाट विचारत जातो, तसंच हे. २०११मध्ये तिची सुधारित आवृत्ती लिनक्सच्या गाभ्यातच सामील झाली, आणि शेजाऱ्यांची गरज भागवताना सुचलेली युक्ती जगभरच्या यंत्रांना उपलब्ध झाली.

यंत्राइतकाच महत्त्वाचा होता आपसांतला करार. ‘पिको पिअरिंग करार’ या नावानं तो ओळखला जातो. माझ्या नोडमधून तुमचा डेटा मी फुकट जाऊ देईन, त्यात ढवळाढवळ करणार नाही; सेवेची हमी मात्र कुणी कुणाला देत नाही. मजकूर जेमतेम पानभराचा. आमच्या खात्यात नियमांची जाडजूड पुस्तकं होती, तरी दोन एक्स्चेंजमधले वाद मिटायला महिने लागत. या पानभर मजकुरावर वर्षानुवर्षं जाळं चालतं, कारण तो मानणारे लोक एकमेकांच्या छपरावर जाऊन काम करतात.

सर्वांत मोठं संकट आलं ते न्यायालयातून. १२ मे २०१० रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं निकाल दिला : ज्यानं आपला वायफाय पासवर्डनं बंद ठेवला नाही, त्याला परक्यानं केलेल्या कॉपीराइट भंगासाठी जबाबदार धरता येईल. म्हणजे शेजाऱ्याला दार उघडं ठेवणं हाच धोका झाला. फ्रायफुंकवाले हटले नाहीत. त्यांनी जाळं वापरणाऱ्या परक्यांची वाहतूक व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या बंदिस्त वाटेनं, परदेशात नेऊन तिथून इंटरनेटला जोडली आणि कायदा बदलावा म्हणून आवाज उठवत राहिले. २०१५मध्ये निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा देशभरच्या छावण्यांत याच स्वयंसेवकांनी वायफाय बसवलं, आणि दूर राहिलेल्या घरच्यांशी त्या लोकांना बोलता आलं. अखेर २०१७मध्ये कायदा बदलून ही जबाबदारी काढून टाकली गेली. २०२०च्या डिसेंबरात करकायद्यानं फ्रायफुंकला लोकोपयोगी कामाचा दर्जाही दिला.

ओपलच्या भागांत आता डीएसएल येऊन जमाना झाला. मूळ गरज संपली, तरी जाळं टिकलं. माझ्या मते याचं कारण असं की लोकांनी ते तीन पायांवर उभं केलं : स्वतःच्या हातात असलेलं यंत्र, सर्वांना मान्य असलेला करार आणि झगडून मिळवलेला कायदा. पहिले दोन असून तिसरा नसता, तर नुसत्या सद्भावनेवर हे टिकलं नसतं.

आपल्याकडेही वाट अगदीच बंद नाही. जानेवारी २००५मध्ये भारत सरकारनं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा इमारतीबाहेरच्या वापरासाठी परवानामुक्त केला, आणि त्याच वर्षी धरमशालेत तिबेटी समाजासाठी डोंगरउतारावरचं बिनतारी जाळं उभं राहिलं. शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना आणि वाचनालय यांना आपसांत जोडण्याइतकं तंत्र आज कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले माझ्यासारखे लोक तर गावोगावी आहेत; खांब, केबल, अर्थिंग, वीज पडण्यापासूनचं संरक्षण, हे सगळं त्यांच्या हातात बसलेलं आहे. त्यांना बोलवा. गावातल्या दोन पोरांना त्यांच्या हाताखाली द्या, पानभराचा करार आधी लिहून काढा, आणि पहिला दुवा शाळेच्या छपरावरून जोडा.