दशावतार आणि खुब्याचें उखळ

कार्तिक महिना लागला कीं दक्षिण कोंकणांत जत्रांचा हंगाम सुरू होतो. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर, तसेंच आंत कुडाळ-सावंतवाडीच्या बाजूस, देवळासमोर रात्रीं उशिरां पखवाज, झांज आणि पेटी यांचा मेळ जमतो. गणपति व सरस्वती येऊन जातात, संकासुराच्या बोलण्यानें हशा पिकतो, आणि मग पुराणांतील एखादें आख्यान उभें राहतें. संवाद लिहिलेले नसतात. ते नटानें आयत्या वेळीं रचावयाचे. पहाटे दहीकाला होईपर्यंत हा दशावतारी खेळ चालतो. रामदासांच्या दासबोधांतहि दशावतारी खेळाचा उल्लेख सांपडतो, यावरून या परंपरेचें वय ध्यानांत यावें.

या खेळाचा कळस म्हणजे युद्धनृत्य. राजा आणि दैत्य समोरासमोर येतात, पाय फांकून जमिनीवर आघात करितात, गुडघा उंच उचलतात आणि एका पायावर भार घेऊन गिरकी घेतात. प्रेक्षकांची दृष्टि मुकुटावर आणि तलवारीवर असते. परंतु त्या साऱ्या आवेशाचा भार जेथें पडतो तो खुबा कोणाच्याच नजरेस येत नाहीं. पूर्वीं तर रात्रभर नाचलेला हाच नट दुसऱ्या दिवशीं सामानाच्या पेटाऱ्यासह पुढच्या गांवची वाट पायीं तुडवीत असे. ज्याचें पोट हंगामांतील खेळांवर अवलंबून, त्यास दुखण्याची वाच्यता करणेंहि परवडत नाहीं. नर्तकाच्या या दुखण्याचा विचार आपल्या पूर्वजांनीं केला होता काय?

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत सांध्यांचे आठ प्रकार वर्णिले आहेत. त्यांपैकीं एकाचें नांव ‘उलूखल’, म्हणजे उखळ. आणि त्याचीं स्थानें सांगतांना कांख व दांत यांच्या जोडीस वंक्षण, म्हणजे जांघेचा सांधा, गणला आहे. ही उपमा अत्यंत समर्पक आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडांतील खोल खोबणींत बसतो, म्हणूनच पाय सर्व दिशांस फिरतो. मात्र उखळास कांठ असतो, आणि त्या कांठापलीकडे मुसळ रेटलें तर कांठच झिजतो.

भरताच्या नाट्यशास्त्रानें हाच विषय कलेच्या बाजूनें हातीं घेतला. त्यांत कटीच्या हालचालींचे पांच प्रकार सांगितले असून ‘मंडल’ नांवाचें एक स्थान वर्णिलें आहे. त्यांत पाय परस्परांपासून दूर व तिरपे ठेवावयाचे असतात. धनुष्य, वज्र इत्यादि शस्त्रांच्या अभिनयासाठीं हें स्थान योजावें, अशी भरताची आज्ञा आहे. दशावतारी योद्ध्याचा पवित्रा पाहतांना तिची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. परंतु भरत पवित्रे सांगून थांबत नाहीं. अंगास तीळतेल किंवा जवाची पेज चोळून मग व्यायाम करावा, पौष्टिक अन्न घ्यावें, कारण व्यायाम शक्तीवर आणि शक्ति आहारावर अवलंबून आहे, असा त्याचा उपदेश आहे. शरिराची सिद्धता हा त्याच्या दृष्टीनें नाट्याचाच भाग होता.

युरोपांत १६६१ सालीं चौदाव्या लुईनें नृत्याची राजकीय अकादमी स्थापन केली. त्याचा नृत्यगुरु पिएर बोशां याच्या नांवावर पावलांच्या पांच मूळ स्थिति मोडतात. पावलें बाहेरच्या बाजूस वळविण्याची ही रीत आरंभीं बेताची होती. पुढें दोन्ही पावलें एका सरळ रेषेंत आणण्यापर्यंत ती ताणली गेली. ही वळण मुख्यतः खुब्यांतून यावयास हवी. तेथें ती पुरी पडली नाहीं कीं नर्तक उरलेली वळण गुडघ्यांतून आणि घोट्यांतून ओढून काढतो, आणि मग तेहि सांधे दुखूं लागतात.

२००३ सालीं स्वित्झर्लंडमधील बर्न येथील राइनहोल्ट गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं या घर्षणाचें मर्म विशद केलें. कांहीं माणसांच्या मांडीच्या हाडाच्या मानेस किंवा खोबणीच्या कांठास जन्मतः अथवा वाढीच्या वयांत किंचित् अधिक उंचवटा येतो. पाय खोल वांकविला कीं हाडावर हाड आदळतें, कांठावरील कूर्चेची किनार फाटते, आणि पुढें सांधाच झिजतो. म्हणजे एकाच पवित्र्यानें एकास कांहीं होत नाहीं आणि दुसरा लंगडूं लागतो, यांत अभ्यासाची उणीव नसून हाडाच्या घडणीचा भेद असूं शकतो. वाढ पुरी झाल्यावर ही घडण कोणत्याहि तालमीनें बदलत नाहीं.

दशावतारी नटाच्या वर्षक्रमांतच एक धोका दडलेला आहे. पावसाळ्यांत खेळ थांबतात आणि अनेक नट शेतीकडे वळतात. कार्तिकांत मात्र एकदम रात्रभराचें नृत्य अंगावर येतें. स्नायू आणि हाडें यांस भार हळूहळू वाढलेला मानवतो, अकस्मात् वाढलेला मानवत नाहीं. यास्तव हंगामापूर्वीं पांच-सहा आठवडे थोड्या थोड्या वेळानें सराव वाढवीत नेणें, नितंबांचे व पोटाचे स्नायू बळकट करणें, रंगमंचावर येण्यापूर्वीं चालून-फिरून अंग तापविणें आणि पाय आपल्या खुब्यास झेपेल तितकाच फांकणें, हाच प्रतिबंधाचा खरा मार्ग होय.

दुखण्याची जागाहि पुष्कळ कांहीं सांगते. जांघेंत खोल कळ येत असेल तर संशय सांध्याचा. बाहेरच्या अंगास हाड टोंचत असेल तर बहुधा तेथील कंडरांचा. आणि ढुंगणापासून पायाकडे कळ उतरत असेल तर बहुधा कण्याचा. खुब्यांत नुसता कट् असा आवाज होऊन दुखत नसेल तर सहसा भिण्याचें कारण नाहीं. परंतु जांघेंतील कळ भार टाकतांच वाढूं लागली, लंगडेपणा आला किंवा रात्रीं झोंप मोडूं लागली, तर नृत्य तात्काळ थांबवून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. कारण सततच्या आघातानें मांडीच्या हाडाच्या मानेस बारीक चीर पडलेली असूं शकते, आणि तिच्यावर नाचत राहिल्यास हाड पूर्ण मोडतें.

१९६० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत जॉन चार्न्ले यांनीं झिजलेल्या खुब्याच्या जागीं कृत्रिम सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, आणि असंख्य माणसें पुन्हां चालूं लागलीं. तथापि जो नट पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत आपल्या पायांवर उभा राहून पोट भरतो, त्यास दुसरें उखळ मिळविण्यापेक्षां पहिलेंच जपणें अधिक श्रेयस्कर. मुकुट आणि तलवार रंगविण्यास जितका वेळ जातो, त्यांतील थोडा वेळ खुब्यासाठीं काढला, तर भरताच्या जुन्या उपदेशाचें सार्थक होईल.