टाकीत उतरलेला पंप

पंप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पेट्रोल भरायची जागा येते. मोटरसायकलच्या आतही पंप असतो, हे आपल्याकडच्या चालवणाऱ्याला कळायची कित्येक दशकं गरजच पडली नाही. कारण तो नव्हताच. टाकी वर, कार्बुरेटर खाली. कॉक उघडला की पेट्रोल आपल्याच वजनानं उतरायचं, कार्बुरेटरची वाटी भरली की आतला फ्लोट वाट बंद करायचा. इंजिन हवा ओढायचं, अरुंद नळीत हवेचा वेग वाढून दाब कमी व्हायचा आणि जेटमधून पेट्रोल वर खेचलं जायचं. भांडुपच्या कारखान्यातली लॅम्ब्रेटा घ्या, चेतक घ्या, नाहीतर १९८५ ची आरएक्स १०० घ्या, तत्त्व तेच.

चारचाकीत मात्र टाकी मागे खाली आणि इंजिन पुढे, म्हणून पंप लागायचाच. प्रीमियर पद्मिनीचा कारखाना कुर्ल्याला होता, नंतर आपल्या कल्याण-डोंबिवलीकडेही आला. त्या गाडीचा पंप इंजिनालाच बसवलेला. मे महिन्यात तो तापायचा, आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. मग टॅक्सीवाला ओलं फडकं त्याच्यावर टाकून बसायचा. पंपाचं आणि उष्णतेचं वैर तेव्हापासूनचं आहे, ते लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मोटरसायकलमध्ये इंजेक्शन आलं ते अडखळत. २००६ मध्ये हिरो होंडाची ग्लॅमर एफआय आली, २००७ मध्ये बजाजची पल्सर २२० डीटीएस-एफआय. गंमत बघा, २००९ मध्ये हीच २२० परत कार्बुरेटरवर गेली! म्हणजे इंजेक्शन चांगलं म्हणून ते आपोआप पसरलं, असं झालेलं नाही. ते पसरलं कायद्यानं. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१८ मध्ये सांगितलं, १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ गाडी विकायची नाही. बीएस-६ साठी धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर नीट चालायला हवा. त्यासाठी एक भाग पेट्रोलला वजनानं साधारण १४.७ भाग हवा, हे प्रमाण क्षणोक्षणी सांभाळावं लागतं. साध्या कार्बुरेटरला ते जमणारं नव्हतं. एखाददुसरं स्वस्त मॉडेल सोडलं, तर सगळ्यांनी इंजेक्टर घेतला. आणि तारीख कोणती? २५ मार्चला देश बंद झाला, आठव्या दिवशी नवा नियम लागू. म्हणजे नव्या गाड्यांचा जमाना सुरू झाला तेव्हा त्या शिकून घेणाऱ्यांची गॅरेजं कुलपात.

इंजेक्टरला पेट्रोल दाबानं लागतं, बऱ्याच गाड्यांत सुमारे तीन बार. तो दाब देणारी छोटी विजेची मोटर टाकीतच, पेट्रोलात बुडालेली असते. बोअरवेलमधला सबमर्सिबल पंप पाण्यानं गार राहतो, तसा हा पेट्रोलनं. इथे आपली जुनी सवय आड येते. रिझर्व्हवर आठवडा काढायचा, अगदीच संपलं तर गाडी आडवी करून उरलेलं पेट्रोल कार्बुरेटरकडे आणायचं, ही कार्बुरेटरच्या काळातली हुशारी. आता टाकी कायम तळाला ठेवली तर पंप उघडा पडतो, तापतो, तळातला गाळ ओढतो.

तो जायला लागला हे ओळखायचं कसं? चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, तो पंप दाब तयार करत असतो. ती गुणगुण गेली, किंवा तिची जागा कर्कश रडण्यानं घेतली, तर संशय घ्या. दुसरी खूण रस्त्यावर. सपाटीला गाडी ठीक, पण घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला, मागे माणूस असताना, पिळलं तरी दम धरत नाही, कारण तेव्हा पेट्रोल जास्त लागतं आणि पंप पुरं पडत नाही. तिसरी, थंड असताना सुरू होते, तापल्यावर बंद पडते, अर्ध्या तासानं पुन्हा सुरू. भर वाहतुकीत ट्रकच्या पुढे हे झालं तर काय, ते कल्याण-शीळ रस्त्यानं रोज जाणाऱ्यांना मी सांगायला नको.

पण आवाज नाही म्हणजे पंपच मेला, असं नाही. किल स्विच बघा, बॅटरी बघा, मग फ्यूज, रिले, कनेक्टर. आवाज आहे पण दम नाही, तर गाळणी तुंबलेली असू शकते. खात्री होते ती प्रेशर गेज लावल्यावरच. आमचा जुना मिस्त्री कानानं आणि स्क्रू-ड्रायव्हरनं कार्बुरेटर लावायचा, तो कान आजही उपयोगी आहे. पण गेज आणि स्कॅनर विकत घ्यायला पैसे नसलेला मिस्त्री अंदाजानं महागडा पंप बदलतो, आणि भुर्दंड गिऱ्हाईकाला.

शेवटी आपला पाऊस. डोंबिवली स्टेशनबाहेर जुलैत गाडी दिवसभर भिजते. टाकीच्या झाकणाखाली पाणी वाहून जायचं बारीक भोक असतं, ते मातीनं बुजलं की पाणी टाकीत उतरतं. आताच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी शोषून घेतं. प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. कार्बुरेटरला खाली एक स्क्रू होता, तो ढिला केला की वाटीतलं पाणी बाहेर पडायचं, गाडी पुढे. आता टाकी उतरवून सगळी रिकामी करायची, पंप बाहेर काढून गाळणी बघायची, आणि त्याआधी पावसाळ्याच्या तोंडावर ते झाकणातलं भोक बारीक तारेनं मोकळं करून घ्यायचं.