केसगळती : माक्याचे तेल, आधुनिक औषधे आणि कारणाचा शोध

हूफडॉर्पमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाच्या सामानात माक्याच्या तेलाची बाटली बहुधा असतेच. काही महिन्यांनी केस गळू लागले, की दोष इथल्या पाण्याला दिला जातो. वस्तुतः ज्वर, प्रसूती वा मोठा ताण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती बहुतेकदा आपोआप थांबते. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविकच आहे.

वनस्पतिजन्य उपाय

माका, जास्वंद, आवळा, ब्राह्मी यांचा वापर परंपरेने होतो. मात्र मानवी चाचण्यांचा आधार तुटपुंजा आहे. खोबरेल तेलामुळे केसांतील प्रथिनांची हानी घटते, असे मुंबईतील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले. म्हणजे केस तुटणे कमी होते, नवे उगवत नाहीत. रोझमेरी तेल सहा महिन्यांत २ टक्के मिनॉक्सिडिलच्या तोडीचे ठरल्याचा २०१५ चा इराणी अभ्यास अवघ्या १०० रुग्णांवरील होता.

आधुनिक औषधे

मूळचे रक्तदाबावरील मिनॉक्सिडिल अमेरिकेत १९८८ मध्ये टकलासाठी मान्य झाले. प्रारंभी गळती वाढू शकते. परिणामास चार-सहा महिने लागतात आणि वापर थांबताच लाभ ओसरतो. पुरुषांसाठीचे फिनास्टेराइड १९९७ मध्ये आले. त्याच्या फुटलेल्या गोळ्यांना गर्भवतींनी स्पर्शही करू नये. तीव्र चाईसाठी २०२२ पासून बॅरिसिटिनिब उपलब्ध आहे.

बुलढाण्याचा धडा

२०२५ च्या आरंभी शेगाव तालुक्यातील गावांत लोकांना अल्पावधीत टक्कल पडले. प्रथम संशय पाण्यावर होता. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मात्र रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे आणि रुग्णांतील जस्ताच्या कमतरतेकडे लक्ष वेधले. केसांसाठीच्या अनेक पूरक गोळ्यांतही सेलेनियम असते; अशा दोन-तीन गोळ्या एकत्र घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

नेदरलँड्समध्ये काय करावे?

प्रथम हाउसआर्ट्सकडे जावे. ही भेट ‘एखन रिझिको’त मोजली जात नाही, रक्ततपासणी मात्र मोजली जाते. लोह व थायरॉइडच्या तपासणीविषयी स्वतःहून विचारावे. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्यासाठी त्यांचीच शिफारस लागते. गोल चट्टे, टाळूची आग किंवा व्रण दिसल्यास विलंब नको. व्रणाखालची केसमुळे एकदा नष्ट झाली, की कोणतेही तेल वा औषध ती परत आणू शकत नाही.