ॲल्युमिनियम व तांबे यांचे पृष्ठसंरक्षण

ॲल्युमिनियम व तांबे यांचे पृष्ठसंरक्षण म्हणजे या धातूंच्या भागांचे संक्षारण, झीज आणि विद्युत जोडातील बिघाड टाळण्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर केल्या जाणाऱ्या रासायनिक, विद्युत-रासायनिक अथवा विलेपनाच्या प्रक्रिया होत. विमाने, इमारतींच्या चौकटी, वीजजोडण्या व स्वयंपाकाची भांडी यांत त्यांचा उपयोग होतो.

नैसर्गिक थर

ॲल्युमिनियमच्या ताज्या पृष्ठभागावर हवेत तत्काळ काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो. तो धातूला घट्ट चिकटतो व ओरखडा पडल्यास पुन्हा निर्माण होतो. साधारणतः ४ ते ८.५ सामू असलेल्या परिसरात तो टिकतो. तीव्र अम्ल व अल्कली या दोहोंत विरघळतो. त्यामुळेच धुण्याच्या सोड्याने ॲल्युमिनियमची भांडी खराब होतात. क्षारयुक्त पाण्यातील क्लोराइडमुळे हा थर जागोजागी भेदला जाऊन धातूत बारीक खड्डे पडतात.

तांब्यावर प्रथम तांबूस-तपकिरी व नंतर काळपट ऑक्साइड येते. उघड्या दमट हवेत अनेक वर्षांनी मुख्यतः आम्लारिधर्मी सल्फेटांचा हिरवा थर बनतो. १८८६ मध्ये उभारलेल्या न्यूयॉर्क येथील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा हिरवा रंग याच थराचा असून त्याखालील पत्रा त्यामुळे सुरक्षित राहिला आहे.

ॲल्युमिनियमवरील प्रक्रिया

धनाग्रीकरण (ॲनोडायझिंग) : यात ॲल्युमिनियमचा भाग विद्युत घटात धनाग्र म्हणून जोडून ऑक्साइडचा थर जाड केला जातो. १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये सागरी विमानांच्या ड्युरॅल्युमिन भागांसाठी क्रोमिक अम्लाची पद्धत वापरात आली. ड्युरॅल्युमिनमधील सुमारे ४ टक्के तांबे मिश्रधातूला बळकटी देते, परंतु तिची संक्षारणरोधकता कमी करते. १९२७ मध्ये सल्फ्युरिक अम्लाच्या पद्धतीचे एकस्व घेण्यात आले व पुढे तीच सर्वाधिक रूढ झाली. तीत १५ ते २० टक्के अम्ल व सुमारे २०° से. तापमान वापरून साधारणतः ५ ते २५ मायक्रोमीटर जाडीचा थर मिळवतात. अम्ल थोडे ऑक्साइड विरघळवीत असल्याने थर सच्छिद्र राहतो. छिद्रांत रंग भरून नंतर उकळत्या पाण्यात ती बंद करतात. पाण्याशी संयोग होऊन ऑक्साइड फुगते व छिद्रांची तोंडे मिटतात. तापमान ०° से.च्या जवळपास ठेवल्यास अम्लाची विरघळवण्याची क्रिया मंदावते आणि अधिक जाड व कठीण थर मिळतो. ‘हार्ड ॲनोडाइज्ड’ भांडी अशा थराची असतात.

क्रोमेट परिवर्तन लेप : हा पातळ लेप रंगाची पकड वाढवतो. धनाग्रीकरणाचा थर विद्युतरोधक असतो, तर हा लेप पातळ असल्यामुळे विद्युत संपर्क राखता येतो. मात्र त्यासाठी वापरले जाणारे षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याने अनेक ठिकाणी त्रिसंयुजी क्रोमियमचे लेप वापरले जातात.

तांब्यावरील प्रक्रिया

कल्हई : तांब्या-पितळेच्या भांड्यांत ताक, चिंच, आमसूल असे आंबट पदार्थ ठेवल्यास तांबे त्यांत उतरते व पदार्थ कळकतात, असे अन्न पोटात गेल्यास उलट्या व पोटदुखी होऊ शकते. म्हणून भांड्याला आतून कथलाचा मुलामा देतात. कल्हईवाला भांडे घासून तापवतो, त्यावर नवसागर टाकतो व कथिल कापसाच्या बोळ्याने पसरतो. तापल्यावर नवसागराचे विघटन होऊन निघणारे हायड्रोजन क्लोराइड पृष्ठभागावरील ऑक्साइड काढून टाकते, त्यामुळे कथिल तांब्याला धरते. कथिल २३२° से.ला वितळते, म्हणून रिकामे भांडे चुलीवर तापत ठेवल्यास कल्हई उतरते. कथलात शिशाची भेसळ असल्यास अन्नात शिसे जाण्याचा धोका असतो.

विद्युत विलेपन : वीजजोडण्यांच्या तांब्यावर कथिल, निकेल किंवा चांदीचा थर देतात. चांदी काळवंडली तरी उत्तम वाहक असल्याने जास्त प्रवाहाच्या संपर्कांसाठी ती निवडली जाते.

बेंझोट्रायाझोल : हे कार्बनी संयुग तांब्याच्या पृष्ठभागाशी संयोग पावून अत्यंत पातळ संरक्षक पटल बनवते. शीतकरणाच्या पाण्यात, तसेच संग्रहालयांतील कांस्यवस्तूंच्या जतनासाठी त्याचा वापर होतो.

दोन्ही धातूंचा जोड

ॲल्युमिनियम व तांबे ओलाव्यात एकमेकांना टेकल्यास विद्युत घट तयार होतो व ॲल्युमिनियम झिजते. तांब्यावरून वाहून आलेल्या पाण्यातील तांब्याचे आयनही ॲल्युमिनियमवर निक्षेपित होऊन खड्डे पाडतात. म्हणून छपरावर तांब्याखाली ॲल्युमिनियमचा पत्रा बसवत नाहीत. वीजजोडणीत अशा संक्षारणाने रोध वाढतो, जोड तापतो आणि प्रसंगी आग लागते. त्यामुळे अशा ठिकाणी कथिलविलेपित तांबे किंवा एका टोकाला ॲल्युमिनियम व दुसऱ्याला तांबे असलेले द्विधात्विक लग वापरतात. जोडण्यापूर्वी ॲल्युमिनियमवरील ऑक्साइड घासून काढतात व हवा आणि ओल आत शिरू नये म्हणून विशिष्ट ग्रीस लावतात.