हौशी मंडळींचा बाख

कलेचा वारसा केवळ राजाश्रयावर आणि धंदेवाईक कलावंतांवर जगतो, हा समज सर्वस्वी खरा नव्हे. ११ मार्च १८२९ रोजी बर्लिन येथे झालेली मैफल याची साक्ष आहे. योहान सेबास्टियन बाख १७५० मध्ये निवर्तला. त्यास पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली होती, आणि त्याची ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही थोर रचना जवळजवळ विस्मृतीत गेली होती. ती लोकांपुढे पुन्हा आणली २० वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सोनने. वृंदगायक होते १७९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘झिंग-अकाडेमी’चे हौशी नागरिक; वाद्यवृंदातही हौशी वादकांचाच भरणा. संस्थेचे प्रमुख त्सेल्टर प्रथम साशंकच होते. पण प्रयोगाला जागा अपुरी पडली, आणि २१ मार्च रोजी, बाखच्या जन्मदिनी, तो पुन्हा करावा लागला.

मेंडेल्सोनने कित्येक गीते गाळली, हे खरे. शुद्धतेचे कैवारी त्यास दोष देतील. आम्हांस मात्र वाटते की, बासनात अखंड राहिलेल्या रचनेपेक्षा कंठी आलेली अपुरी रचना अधिक जगते. कचेरी सुटल्यावर परमुलखात तालमीला जमणाऱ्या आम्हां मंडळींना एवढा आधार पुरेसा आहे.