खांदेरी : तोफांच्या बेटावरचा दिवा

उत्तनचा दीपस्तंभ मीरा-भाईंदरकरांच्या परिचयाचा आहे. परंतु या किनाऱ्यावरील दिव्यांचा इतिहास समजून घ्यायचा, तर मुंबई ओलांडून दक्षिणेस, थळसमोरच्या खांदेरीपर्यंत जावे लागते.

१६७९ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी या खडकाळ बेटावर तटबंदी आरंभली आणि मुंबईकर इंग्रज हादरले. बंदरात शिरणारी गलबते आता मराठ्यांच्या नजरेखालून जाणार होती! ऑक्टोबरमधील आरमारी झुंजीत इंग्रजांची ‘डव्हर’ ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली. पुढे सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, पण खांदेरी हटली नाही.

त्याच खांदेरीवर १८६७ साली इंग्रजी अमदानीत अष्टकोनी दीपस्तंभ उभा राहिला. यास निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. जेथून बंदराच्या तोंडावर तोफ रोखता येते, तेथूनच बंदराचे तोंड दाखवताही येते. कुलाब्यापुढील खडकांवरचा प्राँग्स दीपस्तंभ त्यानंतरचा, १८७५ चा. स्वातंत्र्योत्तर काळात, १९९८ मध्ये, खांदेरीस कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळाले. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा दुर्गांमध्येही खांदेरी आहे.

किल्ल्यांविषयी आपण पुष्कळ वाचतो. दिवा राखणाऱ्यांविषयी फारच थोडे. त्या काळच्या दिव्यामागे रात्रभराची मेहनत असे. तेल भरायचे, वात कातरायची, काचेवरची काजळी पुसायची. जेथे भिंग फिरते असे, तेथे त्याचे यंत्र जुन्या लंबकाच्या घड्याळासारखे वजनावर चाले. वजन खाली उतरले की ते पुन्हा वर ओढायचे. रखवालदारास डुलकी लागली तर भिंग थांबे. आणि स्थिर दिवा हा अंधाराहूनही फसवा, कारण दोन झोतांमधील सेकंद मोजूनच तांडेल दीपस्तंभ ओळखतो. पावसाळ्यात होडी लागत नसे, तेव्हा बेटावर जे साठवलेले असेल त्यावरच भागवावे लागे.

दिवसाही उसंत नसे. सूर्योदय होताच भिंगाभोवती पडदे ओढून घ्यावे लागत. रात्री ज्योतीचा उजेड मैलोगणती दूर नेणारे ते भिंग दिवसा सूर्यकिरण एकवटून दीपस्तंभालाच आग लावू शके.